सुक्कावर प्लास्टिकची झावळी चालेल का?

अलीकडे दुकानांत प्लास्टिकची झावळी मिळते. दिसायला हुबेहूब, कुजत नाही, वाळवी लागत नाही. अंगणातल्या परगोलावर ती खुशाल घालावी. पण सुक्कावर घातली, तर सुक्का काशेर ठरत नाही.

कारण मिश्नातच दिले आहे. स्खाख जमिनीतून उगवलेले हवे, तोडलेले हवे आणि अशौच लागेल अशी वस्तू ते नसावे. प्लास्टिक पहिल्याच अटीला नापास. (आम्ही मास्तर मंडळी, भाषा तीच!) तिसरी अट मोठी बारकाईची आहे: निजण्यासाठी विणलेली चटई चालत नाही, छपरासाठी विणलेली चालते. म्हणजे कोकणात आपण मांडवासाठी विणीत असू, त्या नारळाच्या झावळ्या चालल्या असत्या. इथे खजुरीच्या झावळ्या घ्याव्यात, किंवा बांबूची चटई. मात्र चटईवरचे काशेरूतचे प्रमाणपत्र पाहावे.

आणखी एक चूक फार होते. परगोलावरचे दाट प्लास्टिक तसेच ठेवून त्याखाली खरे स्खाख घालतात. तेही चालत नाही; वर आकाश मोकळे हवे. सणाआधी प्लास्टिक उतरवून घ्यावे. आपण स्वतः शिडीवर चढू नये, नातवाला सांगावे.