एफ १.४ चा उजेड जातो कुठे? जुन्या लेन्स आणि कॅमेऱ्याचं गुपचूप गणित

हे या भागाचं लिखित रूप. माझं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली होती. त्याच्या काकांचा फोटो स्टुडिओ बंद झाला आणि निकॉन एफएम२ वरची ५० मिमी एफ १.४ लेन्स याच्याकडे आली. साधा अडॅप्टर लावून ती त्याने मिररलेसवर बसवली. अडॅप्टर म्हणजे निव्वळ धातूची नळी, आत एकही इलेक्ट्रिकल संपर्क नाही. मॅन्युअल मोडमध्ये एफ २ आणि १/१०० वर फोटो काढला, मग एफ १.४ आणि १/२०० वर. हिशोबाने दोन्ही सारखेच यायला हवेत ना? दुसरा काळपट आला. मित्राची नवी एफ १.४ ऑटोफोकस लेन्स त्याच बॉडीवर लावली, तर दोन्ही फोटो सारखे! दुकानदार म्हणाला, "लेन्स गेलीय, दोन हजार देतो." आणि याचा प्रश्न: "दादा, देऊन टाकू का?"

मी कळवलं, थांब. लेन्स गेलेली नसेल. नव्या लेन्सच्या बाबतीत कॅमेरा गुपचूप भर घालतोय, तुझ्या लेन्सच्या बाबतीत घालत नाहीये.

आधी भौतिकशास्त्र. अ‍ॅपर्चर जितकं मोठं उघडाल तितके कडेचे किरण सेन्सरवर जास्त तिरके पडतात. एफ ४ ला सगळ्यात कडेचा किरण साधारण ७ अंशांनी तिरका असतो. एफ १.४ ला जवळजवळ २१, एफ १.२ ला २५ च्या आसपास. फिल्मला याचं फारसं काही वाटत नाही, तिचा थर पातळ आणि सपाट. डिजिटल सेन्सरवरचा पिक्सेल मात्र छोट्या आडासारखा असतो, प्रकाश टिपणारा भाग तळाशी आणि तोंडावर मायक्रोलेन्स नावाचं नरसाळं. पाऊस सरळ पडला तर सगळा आत. वाऱ्याने तिरका आला की काही थेंब भिंतीला लागून वाया जातात. नुकसान फक्त कडेच्या किरणांचं होतं, म्हणून एफ ४ ला काहीच जाणवत नाही आणि एफ १.४ च्या पुढे जाणवायला लागतं.

आता खरी गंमत. लेन्सला संपर्क असतील तर कॅमेऱ्याला कळतं की आत्ता एफ १.४ चालू आहे. मग तो हरवलेला उजेड गेन वाढवून भरून काढू शकतो, स्क्रीनवरचा आयएसओचा आकडा न बदलता. २०१० मध्ये छायाचित्रकार मार्क डुबोव्हॉय यांनी कॅमेरा कंपन्यांना खुलं पत्र लिहून नेमकं हेच विचारलं होतं आणि डीएक्सओच्या मोजमापांचा आधार दिला होता. वाद बराच झाला. माझ्या मते त्यांचा मुद्दा रास्त होता. भरपाई करा, हरकत नाही, पण सांगून करा की!

आपल्यासारख्या कोडवाल्यांना याचा एक पुरावा बघायला मजा येईल. १४ बिट रॉ फाइलमध्ये ० ते १६३८३ असे पूर्णांक असतात. सेन्सरचे आकडे वाचून झाल्यावर कॅमेऱ्याने ते समजा १.२५ ने गुणले, तर चार आकडे पाच जागांवर पसरतात. म्हणजे दर पाचातली एक जागा रिकामी. रॉ हिस्टोग्राम मोठा करून बघितला तर कंगव्यासारखे दात दिसतात. अर्थात, गुणाकार वाचण्याआधीच अ‍ॅनालॉग पातळीवर झाला असेल तर कंगवा दिसणार नाही.

मग महागड्या एफ १.२ साठी जास्तीचे पैसे का मोजायचे? प्रश्न बरोबर आहे. कडेचे किरण नोंदलेच गेले नाहीत, तर उजेडाबरोबर पार्श्वभूमीचा तो मऊ धूसरपणाही थोडा कमी होतो, कारण तो त्याच किरणांमुळे येतो. गेन वाढवून उजेड परत दिसेल, धूसरपणा नाही. नुकसान किती, ते बॉडीवर अवलंबून. बॅक-इल्युमिनेटेड सेन्सरमध्ये वायरिंग मागच्या बाजूला जातं आणि आड उथळ होतो. फोनमध्ये हे आयफोन ४ ला, म्हणजे २०१० लाच आलं. फुल-फ्रेममध्ये पहिला सोनी ए७आर २, २०१५ चा. फोनमध्ये तर लेन्स सेन्सरला इतकी चिकटलेली असते की कोपऱ्यातले किरण खूपच तिरके येतात. म्हणून तिथले मायक्रोलेन्स मध्याकडे सरकवलेले असतात आणि उरलेला काळपटपणा सॉफ्टवेअर कोपऱ्यांचा गेन वाढवून झाकतं. खिशातला फोन हेच दिवसभर करतो, आपण कधी तक्रार केली नाही!

घरी तपासायचं असेल तर दिवसा, खिडकीच्या उजेडात, साध्या भिंतीचा फोटो घ्या. ट्यूबलाइटखाली नको, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो आणि १/२०० ला काहीही उत्तर येईल. तुलना फक्त फ्रेमच्या मध्याची करा, कारण पूर्ण उघडी लेन्स कोपऱ्यात तशीही काळवंडते. कॅननचा डीएसएलआर आणि ईएफ लेन्स असेल तर आणखी एक युक्ती आहे. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला एक फोटो, मग लॉकचं बटण दाबून लेन्स किंचित फिरवायची, म्हणजे संपर्क तुटतो, आणि त्याच सेटिंगवर दुसरा. दुसरा काळपट आला तर भरपाई रंगेहाथ पकडली. लेन्स हाताने धरून ठेवा मात्र, पडली तर मला नावं ठेवू नका.

आमच्या श्रोत्याने भिंतीवर पुन्हा मोजलं. एफ ४ वरून २.८ आणि २.८ वरून २, दोन्ही वेळा हिशोब चोख जुळला. फरक फक्त शेवटच्या पायरीला. काच सगळीकडे सारखीच धुरकट असती तर प्रत्येक पायरीला उजेड सारख्याच पटीत कमी झाला असता, एकट्या एफ १.४ ला नाही. लेन्स विकली नाही त्याने.

रोजच्या वापरात अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी लावली की हा गोंधळ जवळजवळ संपतो. मिररलेस सेन्सरवर प्रत्यक्ष पोहोचलेला उजेडच मोजतो, त्यामुळे फोटो नीट येतो, फक्त शटर अपेक्षेपेक्षा थोडा मंद किंवा आयएसओ थोडा वर. डीएसएलआरचं तसं नाही. तिथे मीटर फोकसिंग स्क्रीनमधून बघतं, आणि अडॅप्टरवरची जुनी लेन्स बारीक करत गेलात की मोजमाप सरकू शकतं. निकॉन डी३५०० किंवा डी५६०० वर जुनी एआय लेन्स बसते, पण मीटर चालतच नाही.

मिररलेसवाल्यांनी मेनूत जाऊन 'लेन्सशिवाय शटर' चालू करा, नाहीतर बटण दाबूनही काही होणार नाही. बॉडीत स्टॅबिलायझेशन असेल तर ५० मिमी हा आकडा हाताने भरा. आणि कोणता फोटो कोणत्या अ‍ॅपर्चरला काढला ते फोनच्या नोट्समध्ये टिपून ठेवा, कारण कॅमेऱ्याला ते माहीतच नसतं आणि फाइलच्या माहितीत बहुतेक वेळा एफ ० किंवा नुसत्या रेघा दिसतील.