रसिकांनीं राखलेला ठेवा

आमच्या घरीं भिंतींतल्या कोनाड्यांत एक काळी परडी आहे. तिच्या कडा फुलाच्या पाकळ्यांप्रमाणें वळलेल्या असून तळाशीं एक भोंक आहे, व त्या भोंकाभोंवतीं जांभळ्या कागदाचा एक तुकडा अद्याप चिकटलेला आहे. ती परडी आम्हीं इयत्ता सहावींत असतां हस्तव्यवसायाच्या प्रदर्शनासाठीं केली. कृति सोपी होती. आजोबांच्या पेटींतून ग्रामोफोनची एक तबकडी काढली, कढत पाण्यांत धरली, मऊ होतांच उपड्या पातेल्यावर दाबली व गार होऊं दिली. परडीस दुसरें बक्षीस मिळालें. शिक्षकांनीं पाठ थोपटली. आईनें ती पाहुण्यांस दाखविली. आजोबा तेव्हां हयात होते. त्यांनीं परडी हातांत घेऊन एकदा फिरवून पाहिली आणि कांहीं न बोलतां परत दिली. ती तबकडी चारांच्या एका संचांतील तिसरी होती, हें आमच्या ध्यानांत येण्यास पुढें वीस वर्षें लागलीं.

नाटकाचा संच म्हणजे काय हें आजच्या विद्यार्थ्यांस सांगावें लागेल. जुन्या तबकडीच्या एका बाजूस अवघीं तीन-सव्वातीन मिनिटें ध्वनि मावत असे. गाणें असल्यास तें तेवढ्यांत आटपावें लागे; नाटक अथवा आख्यान असल्यास त्याचे तुकडे करून ते तीन, चार, पांच तबकड्यांवर वांटावे लागत. सन १९३० नंतरच्या काळांत आपल्या देशांतील अनेक भाषांत असे संच निघाले. ज्यांच्या गांवीं नाटक मंडळी कधीं फिरकली नाहीं, अशा कित्येकांनीं नाटक म्हणून कांहीं ऐकलें तें या संचांवरच. चार तबकड्या म्हणजे आठ बाजू व उणींपुरीं पंचवीस मिनिटें. दर तीन मिनिटांनीं कोणी तरी उठून बाजू पालटावी, सुई बदलावी, किल्ली द्यावी. तोंवर बाकीच्यांनीं पुढें काय होईल यावर वाद घालावा. आमच्या संचांत चौथ्या बाजूच्या अखेरीस राजा शिकारीस निघतो, आणि सातव्या बाजूस आरंभींच राणी शोक करूं लागते. मधल्या सहा मिनिटांत राजावर कोणता प्रसंग गुदरला तें त्या परडीस ठाऊक. आमच्या आत्याबाई आज ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांस त्या भागांतील विदूषकाचा आवाज आठवतो, आपण हंसून हंसून लोळत होतों हेंहि आठवतें. विदूषक काय बोलला तें मात्र आठवत नाहीं.

आमच्या हातून घडलें तें आम्ही अजाण होतों म्हणून घडलें, असें कोणी म्हणेल. परंतु जाणत्यांनींहि याहून निराळें केलें नाहीं. तबकडी जिच्यापासून होते ती लाख पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरील एका बारीक किड्याची निपज होय. तींत दगडाची भुकटी व काजळी मिसळून तापवावी व साच्यांत दाबावी, कीं तबकडी झाली. ज्या गुणामुळें ती इतकी सुलभ झाली, त्याच गुणामुळें ती पुनः वितळवितां येते. विकल्या न गेलेल्या तबकड्या दळून त्यांच्याच नव्या तबकड्या करण्याची वहिवाट होती. दुसऱ्या महायुद्धांत, सन १९४२ मध्यें, अमेरिकेंत लाखेचा तुटवडा पडला, तेव्हां तेथें घरोघरच्या जुन्या तबकड्या गोळा करून गाळण्यांत आल्या. पुढें लांब वेळाच्या नव्या तबकड्या आल्या, मग फितीच्या डब्या आल्या, आणि जुन्या तबकड्या अडगळींत पडल्या. ज्यांनीं त्या काढल्या त्यांच्या दृष्टीनें तो माल होता. खप संपला कीं मालाची किंमतहि संपते.

आपल्या देशांत ध्वनिमुद्रणाचा उद्योग सुरू झाला तो सन १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास. फ्रेड गैसबर्ग नांवाचे तज्ज्ञ लंडनहून यंत्र घेऊन आले, व त्यांच्यापुढें जे कलावंत गायिले त्यांत गोहरजान ही प्रसिद्ध गायिका होती. गाणें संपतांच ती आपलें नांव इंग्रजींत मोठ्यानें सांगे. ही केवळ ऐट होती असें वाटूं नये. या तबकडीवर कोण गात आहे, हें दूर देशीं साचे करणारांस कळावें यासाठीं अशीं नांवें सांगण्याची चाल पडली, असें जाणते सांगतात. त्या आरंभींच्या तबकड्यांपैकीं ज्या आज ऐकावयास मिळतात त्यांतील बहुतेक कोणा ना कोणा रसिकाच्या कपाटांतून आलेल्या आहेत. मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा जुना बाजार, वाडे मोडतांना निघालेल्या पेट्या, ही या मंडळींची शोधाची ठिकाणें. सन १९९० मध्यें मुंबईंत अशा रसिकांनीं एकत्र येऊन भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची एक संस्थाच स्थापन केली व तबकड्यांविषयींची माहिती छापून काढण्याचा परिपाठ ठेविला.

त्यांच्या कामांतील खरी विद्या तबकड्या जमविण्यांत नाहीं, त्यांचें टिपण ठेवण्यांत आहे. तबकडीवरील कागदावर गायकाचें व नाटकाचें नांव असतें. परंतु हा कागद फाटतो, झिजतो. त्याच्या भोंवतालच्या गुळगुळीत पट्ट्यावर, उजेडांत तिरपी धरली असतां, बारीक अक्षरांत एक आंकडा दिसतो. तो मूळ साच्याचा क्रमांक होय. त्यावरून ती कोणत्या सुमारास मुद्रित झाली, कोणत्या संचाची, आधींची कोणती व नंतरची कोणती, हें ताडतां येतें. या आंकड्यांच्या वह्या कित्येक गृहस्थांनीं, पैशाचा लाभ नसतां, आयुष्यभर लिहिल्या आहेत. शेंकडों तबकड्या कुलुपांत ठेवून त्या कोणास दाखवीत नाहींत, ऐकवीत नाहींत, असेहि संग्राहक आम्हीं पाहिले आहेत. त्यांच्या कपाटांत व भंगारवाल्याच्या गोणींत आम्हांस फारसा फरक वाटत नाहीं. गोणींतून निदान कोणी तरी विकत तरी घेऊं शकतो!

चित्रपटांची गत तबकड्यांहून वाईट झाली. तबकडी हजारों घरीं जात असे. चित्रपटाच्या प्रति मोजक्याच निघत, आणि त्या घरीं नव्हे, मालकाच्या गुदामांत पडून राहत. शिवाय त्या काळची फीत नायट्रेटची असे. तो पदार्थ कापूस व नत्राम्ल यांच्या संयोगानें होतो, आणि बंदुकीच्या धूरहीन दारूचा सख्खा भाऊ आहे. एकदा पेटला कीं जळण्यास लागणारा प्राणवायु तो स्वतःच पुरवितो, म्हणून पाण्यांत बुडविला तरी विझत नाहीं. न जळला तरी उष्ण व दमट हवेंत कुजतो, चिकट होतो आणि शेवटीं डब्यांत तपकिरी भुकटी तेवढी उरते. त्यांत भर म्हणजे फितीवरील चित्र चांदीच्या सूक्ष्म कणांचें बनलेलें असल्यामुळें, जुनी फीत धुऊन चांदी काढून घेणें हा एक धंदाच होता.

सन १९१० च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनीं मुंबईस एका तंबूवजा चित्रगृहांत ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला, आणि पडद्यावर तीं दृश्यें चाललीं असतां आपल्या डोळ्यांपुढें कृष्ण, राम, गोकुळ व अयोध्या दिसूं लागली, असें त्यांनीं पुढें स्वतः लिहिलें आहे. त्या प्रेरणेचें फळ जो 'राजा हरिश्चंद्र', तो सन १९१३ च्या मे महिन्यांत मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लागला. मूळ चार रिळांचा हा पट. आज त्यांतील पहिलें व शेवटचें अशीं दोन रिळें म्हणून जीं दाखविलीं जातात तींहि फाळक्यांनीं सन १९१७ मध्यें तीच कथा पुनः चित्रित केली तेव्हांचीं असावीं, असें कित्येक अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे आमच्या नाटकासारखीच स्थिति. राजाचें राज्य आहे, शेवटीं देवाचें दर्शन आहे, मधली सत्त्वपरीक्षा गेली. आपल्या देशांत सुमारें तेराशें मूकपट निघाले, त्यांपैकीं पुरे-अपुरे मिळून तिसांच्या आसपास उरले. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा सन १९२५ चा 'सावकारी पाश' आज नाहीं. पहिला बोलपट 'आलम आरा' सन १९३१ च्या १४ मार्च रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहांत लागला, तेव्हां गर्दी आवरण्यास पोलीस बोलवावे लागले. त्याची एकहि प्रत आज ठाऊक नाहीं, व त्यांतील गाण्यांच्या तबकड्याहि त्या वेळीं निघाल्या नव्हत्या.

मग जें उरलें तें कोणामुळें? येथें एका गृहस्थाचें नांव घेतलें पाहिजे. परमेश कृष्णन् नायर हे त्रिवेंद्रमचे. बाळपणीं वाळूवर बसून चित्रपट पाहावे व तिकिटांचे अर्धे तुकडे जपून ठेवावे, असा त्यांचा छंद. वडील मंडळींस तो खुळेपणा वाटे. सन १९६४ मध्यें पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें. पुढल्याच वर्षीं नायर तेथें आले, आणि सन १९९१ पर्यंत त्यांनीं हाच छंद सरकारी नोकरी म्हणून चालविला. नाशिकास फाळके यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन त्यांनीं फितींचे तुकडे मिळविले. सन १९१९ चा 'कालिया मर्दन', ज्यांत फाळक्यांची कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली आहे, तो बराचसा आज पाहावयास सांपडतो याचें श्रेय त्यांस आहे. अंधाऱ्या चित्रगृहांत लहानशी विजेरी घेऊन प्रत्येक रिळाचें टिपण करीत ते बसत. सन २०१६ मध्यें ते पुण्यासच वारले. त्यांच्या चित्रपटप्रेमामुळें संग्रहालयाचे डबे भरले. केवळ नियमावर बोट ठेवणारा अधिकारी तेथें असता तर काय झालें असतें, याची कल्पनाच करावी. अर्थात् संस्था असली म्हणून भय टळतें असें नाहीं. सन २००३ च्या जानेवारींत पुण्यांतच साठ्यास आग लागून नायट्रेटच्या पुष्कळ जुन्या फिती जळून गेल्या.

हें दैन्य केवळ आपल्याच देशाचें आहे असें मात्र समजूं नये. फ्रान्समध्यें जॉर्ज मेलिये या जादूगारानें सन १९०२ मध्यें चंद्राच्या सफरीचा जगप्रसिद्ध चित्रपट काढला. पहिल्या महायुद्धांत त्याच्या शेंकडों फिती गाळून त्यांतील द्रव्यापासून सैनिकांच्या बुटांच्या टाचा करण्यांत आल्या. उरलेल्या मूळ प्रति सन १९२३ मध्यें त्यानें निराशेच्या भरांत स्वतःच जाळल्या, आणि म्हातारपणीं पॅरिसच्या एका रेल्वे स्टेशनांत खेळणीं विकीत बसला. तेथें त्यास ओळखलें तें रसिकांनीं, आणि फडताळें धुंडाळून त्याचे चित्रपट गोळा केले तेहि रसिकांनींच. चंद्राच्या त्या सफरीची हातानें रंगविलेली एक प्रत सन १९९३ मध्यें बार्सिलोनास सांपडली. फीत कुजून दगडासारखी एकजीव झाली होती. ती तुकड्या-तुकड्यानें सोडवून सन २०११ मध्यें पुनः पडद्यावर आली.

आतां थोडें पालकांसाठीं. आपल्या माळ्यावर तबकड्या असल्यास त्या एकीवर एक रचूं नयेत, पुस्तकांप्रमाणें उभ्या ठेवाव्या. धुवावयाच्या तर साध्या गार पाण्यानें, मधला कागद कोरडा राखून. स्पिरिट कदापि लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. जुन्या यंत्रावर पोलादी सुईनें वारंवार वाजवूं नयेत. प्रत्येक वेळीं थोडी तबकडी झिजते. योग्य सुई असलेल्या यंत्रावर एकदाच नीट वाजवून त्याची नक्कल करून घ्यावी. फिरण्याचा वेग मिनिटास ७८ असें सरसकट सांगतात. परंतु आरंभींच्या तबकड्यांचा तो कमीअधिक असे, व चुकल्यास पुरुषाचा आवाज बायकी किंवा बाईचा घोगरा होतो. फितीचा डबा उघडतांच शिरक्यासारखा आंबट दर्प आल्यास ती नायट्रेटनंतरच्या काळची असून कुजूं लागली आहे असें समजावें, व इतर फितींपासून दूर ठेवावी. नायट्रेटची शंका आल्यास घरांत ठेवूंच नये, जाणत्यांस कळवावें.

नक्कल करणें ही चोरी नव्हे काय, असें एका विद्यार्थ्यानें वर्गांत विचारलें. प्रश्न योग्यच आहे. आपल्या कायद्याप्रमाणें तबकडीचा व चित्रपटाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षें चालतो. तीवरील शब्दांचा व चालीचा हक्क निराळा, तो कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें. हक्क चालू असतां मालकास विचारल्यावांचून नक्कल वांटणें आम्हांस मान्य नाहीं, मग मालक ती वस्तु विकत असो वा नसो. तथापि ज्यानें साठ वर्षें ती वस्तु अडगळींत कुजूं दिली, त्यानें ती जतन करणारास चोर म्हणावें, हेंहि आमच्या बुद्धीस पटत नाहीं.

आमच्या संचाची हकीकत एवढीच राहिली. गेल्या पावसाळ्यांत बेळगांवच्या एका वृद्ध संग्राहकांस आम्हीं पत्र लिहिलें. त्यांनीं संचाचें नांव विचारलें नाहीं. परडीच्या तळाशीं कोणता आंकडा दिसतो तें विचारलें. आम्हीं ती खिडकींत तिरपी धरली. कढत पाण्यानें कांठ वळले तरी मध्याजवळचीं अक्षरें वळलीं नव्हतीं. पांच आंकडे स्वच्छ वाचतां आले. आठ दिवसांनीं त्यांचें उत्तर आलें, कीं तीच तबकडी त्यांच्याजवळ आहे, तिला कांठापासून बोटभर चीर गेली असून आरंभींचीं कांहीं वाक्यें अडखळतात, पण विदूषक पुरता ऐकूं येतो. नाताळाच्या सुट्टींत आत्याबाईंस घेऊन आम्ही तिकडे जाणार आहों. येतांना परडीहि आणावी, असें त्यांनीं दोनदां बजाविलें आहे.