घरगुती स्नेहपाक आणि पावसाळ्यातील स्वयंपाकघर

आषाढ लागला की लोणावळ्यात खिडकी उघडी ठेवणे कठीण होते. धुके सरळ घरात शिरते, ओट्यावरचे फडके दोन-दोन दिवस वाळत नाही, मिठाला पाणी सुटते. याच दिवसांत सांधे धरलेल्या रुग्णांची आमच्याकडे गर्दी होते आणि याच दिवसांत निर्गुंडीचे तेल घरी सिद्ध करून लावावे, असे आम्ही सांगत आलो. पाला परसात मिळतो, खर्च थोडा, तेल ताजे. यात काही उणे आहे असे आम्हांस वाटले नव्हते.

एका पावसाळ्यात नाणे मावळातील एक रुग्णा मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला हात घेऊन आल्या. चिठ्ठी आमचीच होती. तीत कल्क, तेल व द्रव यांचे १ : ४ : १६ हे प्रमाण बिनचूक होते, भांडे केवढे घ्यावे हे मात्र नव्हते. घरातले पातेले लहान, म्हणून बाईंनी निम्मा काढा आधी घातला व तो आटल्यावर उरलेला ओतला. तोवर तेल कडकडीत तापले होते. तापलेल्या तेलात पाणी पडताच त्याची क्षणात वाफ होते, आणि ती वाफ मूळ पाण्याच्या सुमारे १७०० पट जागा व्यापते. तेल उसळले ते त्यामुळे. दोष बाईंचा नव्हता.

स्नेहदग्धात वेदना अधिक असतात, हे सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे; तप्त स्नेह सूक्ष्म सिरांना अनुसरून त्वचेत शिरतो, हे त्याचे कारण. आपण सर्वांनी हे पाठ केलेले असते. तरीही ज्याच्या हाती आपण तापलेले तेल देतो, त्याला ते सांगायचे राहून जाते.

त्याच अध्यायात प्लुष्टावर अग्नितापन व उष्ण औषध सांगितले आहे. येथे आम्ही स्पष्ट बोलतो : घरी भाजलेल्या रुग्णाला आज हा उपचार सांगू नये. प्रथम बांगड्या-अंगठ्या काढून भाजलेला भाग नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटे धरावा; बर्फ नको, हळद नको, दंतमंजन नको. मग स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकावे. शतधौत घृताचा विचार त्यानंतर, आणि तोही वरवरच्या दाहापुरताच. फोड आलेले असतील, चेहरा, हात वा सांधा भाजला असेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

आता चिठ्ठीविषयी. तेल पाण्यावर तरंगते. म्हणून भरलेले पातेले उतू गेले, तर आधी बाहेर पडते ते तेलच, आणि खाली ज्योत असते. सर्व द्रव आरंभीच मावून निम्मे भांडे रिकामे राहील, एवढे ते मोठे व जाड बुडाचे हवे. कल्क तळाशी बसतो व त्याखाली पाणी अडकते, म्हणून लाकडी पळीने ढवळत राहावे. आच शेवटपर्यंत मंद ठेवावी. घृत, तैल, गूळ यांचे पाक एका दिवसात उरकू नयेत, असे शार्ङ्गधरांचे सांगणे आहे. घाई नसेल तर हातही भाजत नाही. तैलपाकात फेस येणे ही सिद्धीची खूण, पण तेल वर चढण्याची वेळही तीच. तेव्हा शेगडीपासून दूर जाऊ नये. कल्काची वात करून पाहायची ती पळीवर काढून, निवल्यावर. अग्नीत टाकल्यावर ती तडतडली, तर पाणी अजून उरले आहे.

तेलाने पेट घेतलाच, तर गॅस बंद करून भांड्यावर झाकण टाकावे. पाणी कदापि ओतू नये.

सुश्रुतांनी कल्पस्थानाच्या पहिल्याच अध्यायात राजाच्या महानसाचे वर्णन केले आहे : जागा प्रशस्त, भांडी स्वच्छ, जाळीच्या खिडक्या भरपूर, सेवकांचे केस व नखे आखूड, डोक्यास उष्णीष. हेतू विषापासून रक्षणाचा, परंतु पवन मावळातील चुलीच्या घरालाही ते वर्णन लागू पडते. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड असल्याने ओट्याखाली जमिनीलगत साचतो. खिडक्या लावून घेतलेल्या घरात त्याला वाट मिळत नाही. वास आला तर दिवा लावू नये, बटन दाबू नये. दारे उघडून बाहेर पडावे आणि १९०६ वर कळवावे. ओट्यावर कापूर, पदराचे टोक, प्लास्टिकच्या पिशव्या असू नयेत. बिब्बा आणि बिननावाच्या चूर्णाच्या बाटल्या मसाल्याच्या मांडणीत ठेवण्याची खोड तर आम्ही अनेक घरांत पाहिली आहे, आणि (कबूल करावयास हवे) एका वैद्याच्या घरीही.

काष्ठौषधी विकणाऱ्या आमच्या औषधालयचालक बंधूंना एक विनंती. तेलासाठीच्या भरडीच्या पुडीवर प्रमाण छापता, त्याखाली भांड्याचे माप आणि ‘तापलेल्या तेलात काढा ओतू नये’ एवढी ओळ छापावी. आमच्या चिठ्ठीवर ती आता पहिली असते.

त्या बाईंचा हात बरा झाला. कोपराशी वण आहे. तेल त्या अजूनही करतात, पण आषाढात नव्हे. पाऊस सरला की अंगणातल्या चुलीवर, मोठ्या कढईत.