दुसऱ्याच्या जागी

लेफ्टनंट हा शब्द आपल्या इतका तोंडात बसलाय की त्याच्या पोटात काय दडलंय हे पाहायचं आपल्याला सुचतच नाही. शब्द मूळचा फ्रेंच. त्याचा पहिला तुकडा म्हणजे जागा, दुसरा म्हणजे धरून ठेवणारा. वरिष्ठ हजर नसताना त्याची जागा राखतो तो लेफ्टनंट. आता ब्रिटनमधल्या एखाद्या दवाखान्यात चला. नेहमीचे डॉक्टर रजेवर गेले की त्यांच्या खुर्चीत जे येतात त्यांना ‘लोकम’ म्हणतात. ‘लोकम टेनेन्स’ या लॅटिन शब्दजोडीचं हे तोकडं रूप, आणि तिचा अर्थ अगदी तोच: जागा धरणारा. एकाच्या खांद्यावर तारे, दुसऱ्याच्या गळ्यात स्टेथोस्कोप, आणि दोघे एकाच घराण्यातले!

‘एकाच्या जागी दुसरा’ या साध्या घटनेसाठी इंग्रजीने केवढा शब्दसंसार मांडलाय! कोशात हे शब्द शेजारी शेजारी बसतात, पण त्यांना एकमेकांची कामं जमत नाहीत. नाटकातला ‘अंडरस्टडी’ मुख्य नटाची सगळी भूमिका पाठ करून तयार राहतो आणि तो नट आला नाही तरच रंगमंचावर पाऊल टाकतो. सिनेमातला ‘स्टँड-इन’ दिवे आणि कॅमेरा लावून होईपर्यंत ताऱ्याच्या जागी उभा राहतो, चित्रीकरण सुरू झालं की बाजूला होतो. ‘प्रॉक्सी’ दुसऱ्याच्या वतीने मत देतो. कॉलेजात हजेरीला प्रॉक्सी लावणाऱ्या मुलांना हे वेगळं सांगायला नको.

‘सरोगेट’ म्हटलं की आज आपल्याला सरोगेट आई आठवते. हा शब्द मात्र रोमच्या राजकारणातून आलाय. त्याच्या मुळाशी ‘विचारणं’ आहे, म्हणजे एखाद्याच्या जागी दुसरा नेमू का, असं सभेपुढे मांडून निवडून घेणं. याचं सगळ्यात अजब उदाहरण इसवी सनपूर्व 45 मधलं. वर्षाच्या अगदी शेवटच्या दिवशी क्विंटस फाबियस मॅक्सिमस हा कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च निवडून आलेला पदाधिकारी, वारला. त्याची मुदत संपायला काही तास उरले होते. तरी सीझरने त्या दुपारी गायस कानिनियस रेबिलस याला त्याच्या जागी निवडून आणलं. दुसऱ्या दिवशी नवे कॉन्सल येणारच होते. हा कॉन्सल इतका दक्ष की साऱ्या कारकिर्दीत त्याने डोळ्याला डोळा लावला नाही, अशी थट्टा सिसेरोने एका पत्रात केली. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली, तरी रेबिलसचं नाव त्या काही तासांमुळेच ओळखलं जातं.

सगळ्याच बदल्या अशा सभ्य नसतात. ‘सप्लांट’ या शब्दात लॅटिनमधला तळपाय आहे: पायात पाय घालून पाडायचं आणि त्याची जागा घ्यायची. ‘सुपरसीड’चा शब्दशः अर्थ वर बसणं. त्यातलं ‘सीड’ हे बसण्याच्या क्रियापदावरून आलंय, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये सी नाही, एस येतो. एप्रिल 1973 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयातल्या न्या. शेलत, हेगडे आणि ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. अजितनाथ राय यांना सरन्यायाधीश केलं गेलं. तिघांनीही राजीनामे दिले. त्या प्रकरणाला इंग्रजीत कायमचं नाव पडलं ते सुपरसेशनचं, आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ तिथे जसाच्या तसा उभा राहतो.

पण मला सर्वांत थक्क करतो तो रोजच्या वापरातला ‘सब्स्टिट्यूट’. ‘रिप्लेस ऑइल विथ बटर’ म्हणजे तेल काढा, लोणी घाला. हेच सब्स्टिट्यूटने सांगायचं तर क्रम उलटतो: ‘सब्स्टिट्यूट बटर फॉर ऑइल’. नवं आधी, जुनं मागाहून. इथे क्रम चुकला तर पदार्थच बदलतो! मराठीत ‘च्या ऐवजी’ ज्याला चिकटतं ते जाणार हे ठरलेलं, वाक्य कसंही फिरवा. फुटबॉलमध्ये तर आणखी गंमत. तिथे सब्स्टिट्यूट म्हणजे मैदानात येणारा खेळाडू, पण ‘ही वॉज सब्स्टिट्यूटेड’ असं बातमीत आलं की समजायचं, हा बाहेर गेला. एकच शब्द, आणि येणारा-जाणारा दोघंही त्यातच.

काही शब्द भाषेची वेस ओलांडताना मान गमावतात. जर्मनमध्ये ‘एर्झाट्स’ म्हणजे निव्वळ बदली वस्तू. तिथे यंत्राच्या सुट्या भागालाही हाच शब्द लागतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नाकेबंदीमुळे जर्मनीत कॉफी मिळेनाशी झाली. लोक चिकोरी आणि ओकची फळं भाजून त्यांचा काढा पिऊ लागले. इंग्रजीत तेव्हा रूढ झालेला हा शब्द आजही नकली, कमअस्सल अशाच अर्थाने वापरतात.

एवढं सगळं भांडार असूनही भारतातल्या इंग्रजीला एक शब्द आपल्याकडून घ्यावा लागला. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार गैरहजर असला की फाटकाशी आशेने उभ्या असलेल्या बदली कामगाराला आत घेत. काम मिळालं तर पगार, नाहीतर घरी परत. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात हा माणूस ‘बदली वर्कमन’ म्हणूनच आला. कलम 25-सी मध्ये त्याची व्याख्या होती: हजेरीपटावर नाव असलेल्या दुसऱ्या कामगाराच्या जागी काम करणारा. आणि त्याच व्याख्येत पुढे असंही म्हटलं होतं की आस्थापनेत त्याची एक वर्ष सलग सेवा झाली की त्या कलमापुरता तो बदली मानला जाणार नाही.