एका हौशी नौकामंडळाचा जमाखर्च

मुलगा "मी नदीवर जातों" म्हणाला कीं ज्या घरांत स्वयंपाकघरांतले हात क्षणभर थांबतात, त्या घरांसाठीं हा लेख आहे. आपल्याकडे नदी ही स्नानाची, संकल्पाची आणि फार तर सायंकाळीं घाटावर बसण्याची जागा. कृष्णेला आपण माई म्हणतों. वाईस तिचा उत्सव करितों, माहुलीस तिच्या कांठीं पितरांचें स्मरण करितों. परंतु तिच्या पाठीवर बसून तिची ओळख करून घेण्याचें काम आपण पिढ्यान् पिढ्या नावाड्यांवर सोंपविलें. मीहि त्याच वळणांत वाढलों. साताऱ्यास शिक्षक असतां अमरकोशाच्या वारिवर्गांतील शब्द मीं मुलांकडून घोकून घेतले: वल्हें ती 'क्षेपणी', सुकाणू तें 'अरित्र', आणि नाव हांकणारा तो 'कर्णधार'. क्रिकेटच्या संघनायकास आपण जो शब्द लावितों तो मूळचा नावाड्याचा, हें मी मोठ्या ऐटींत सांगत असें. मात्र क्षेपणी हातांत धरण्याचा प्रसंग सेवानिवृत्त होऊन सांगलीस येईपर्यंत मजवर आला नव्हता.

आला तोहि वल्हविण्यासाठीं नव्हे, हिशेबासाठीं. नदीकांठच्या कांहीं तरुणांनीं चालविलेल्या एका लहानशा बोट-क्लबास चिटणीस हवा होता. "मास्तर, तुम्हीं फक्त वही सांभाळायची," असें म्हणून त्यांनीं ती माझ्या हातीं दिली. त्याच वहीच्या आधारें मंडळाचें एक वर्ष कसें जातें, हें सांगण्याचा विचार आहे.

आरंभीं स्थळाविषयीं दोन शब्द. सातारा आणि सांगली हीं एकाच नदीचीं गांवें. परंतु नौकेच्या दृष्टीनें दोहोंत अंतर फार. महाबळेश्वराहून उतरलेली कृष्णा माहुलीस वेण्णेला भेटते तेव्हां ती अजून डोंगरची पोर असते. उन्हाळ्यांत तिच्या पात्रांत पाण्यापेक्षां खडकच अधिक. सातारकडच्या मनुष्यास होडी पाहावयाची तर त्यानें १८४२ सालीं बांधलेल्या महाबळेश्वरच्या वेण्णा तळ्यावर जावें, किंवा कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयावर बामणोली-तापोळ्यास. तेथील होडी प्रवाशांची आणि पैलतीरच्या खेड्यांची; शर्यतीची नव्हे. कऱ्हाडास कोयना मिळाल्यावर मात्र कृष्णा भारदस्त होते. सांगलीपाशीं तिचें पात्र रुंद व चाल संथ. बंधाऱ्यानें पाणी तुंबलेलें. आणि थोडें खालीं हरिपुरास वारणेचा संगम. म्हणूनच सांगली, सांगलवाडी, कसबे डिग्रज, समडोळी अशा कृष्णा-वारणेच्या कांठच्या गांवांतून होड्यांच्या शर्यतींची हौस चांगली रुजली आहे. पावसाळ्यांत पात्र भरलें कीं या शर्यती होतात आणि दोन्ही तीरांवर माणसांची दाटी उसळते. केरळांत आलप्पुळ्यास १९५२ पासून नेहरू-चषकाच्या सर्पनौका धांवतात. आमची जत्रा त्या मानानें लहान, पण आरोळी तितकीच मोठी!

आतां वर्षाकडे वळूं. व्यापाऱ्याचें वर्ष कार्तिकांत उघडतें, सरकारचें एप्रिलांत, आमचें आश्विनांत. पावसाळा सरल्यावर नाव कांठावर ओढून पालथी घालावयाची, तिच्या पोटाचा चिखल खरवडावयाचा, फटी बुजवावयाच्या, डांबर लावावयाचें. हें काम नव्या मुलांकडे असतें, आणि तें मुद्दाम. ज्यानें नावेचें पोट एकदां हातानें साफ केलें, तो तिला दगडावर आपटीत नाहीं. या महिन्यांत वहींत जमेच्या बाजूस कांहीं नसतें. खर्चाच्या बाजूस डांबर, लाकूड, सुतार आणि चहा.

कार्तिकापासून माघापर्यंत सराव. पहांटे नदीवर धुकें असतें. पैलतीर दिसत नाहीं, केवळ वल्ह्यांचा आवाज ऐकूं येतो. नव्या मुलानें प्रथम पोहण्याची परीक्षा द्यावयाची आणि घरची लेखी संमति आणावयाची. त्यावांचून नावेंत पाऊल नाहीं. आमचे शिक्षक एक वृद्ध नावाडी. सारेच त्यांना मामा म्हणतात, मीहि म्हणतों. त्यांच्या दोन पिढ्यांनीं या नदीवर माणसें उतरवून पोट भरलें. पुस्तकी विद्या त्यांना कमी. पण पाण्याच्या रंगावरून खालीं वाळू आहे कीं खडक हें ते सांगतात, आणि तें चुकलेलें मीं पाहिलें नाहीं. ज्या विद्येला आपण विद्या म्हटलेंच नाहीं, ती तेथें मीं साठीच्या उंबरठ्यावर पाहिली.

वल्हविणें हें हातांचें काम आहे असा माझा समज होता. तो चूक निघाला. पाय रोंवून कंबर व पाठ यांचें बळ वल्ह्यांत उतरवावें लागतें. हात हे शेवटचे. विलायती बनावटीच्या शर्यतीच्या नावेंत तर बैठकच चाकांवर मागेंपुढें सरकते, ती पायांचें बळ वापरतां यावें म्हणूनच. त्या नावेंत वल्हें मारणारे जाण्याच्या दिशेकडे पाठ करून बसतात; पुढचें दिसतें तें केवळ सुकाणू धरणाऱ्यास. आमच्या मुलांना मी म्हणतों कीं संसारांतहि बहुतेकांची बैठक अशीच असते. आणखी एक गोष्ट: सर्वांत बलवान् मुलगा सर्वांत उपयोगी असतोच असें नाहीं. वल्हीं एकाच क्षणीं पाण्यांत पडलीं तर नाव सरळ जाते. एकटा जोर करील तर ती वळते. आणि एक जण अंथरुणांत पडून राहिला तर इतरांची पहांट फुकट जाते. शाळेंत उशिरा येणाऱ्यास मीं कित्येक वर्षें बांकावर उभें केलें. त्यानें जें साधलें नाहीं तें कांठावर ताटकळणाऱ्या सोबत्यांच्या मुद्रांनीं आठ दिवसांत साधतें.

फाल्गुनाच्या सुमारास मुलांना दूरचें जग दाखवावें लागतें, नाहींतर सरावाचा कंटाळा येतो. एका वर्षीं आम्ही पुण्यास गेलों. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट-क्लब १९२८ पासूनचा. विद्यार्थीच तो चालवितात आणि दरवर्षीं मुळा नदीवर त्यांचा 'रेगाटा' भरतो. अंधार पडल्यावर नावांवरील मशालींचीं प्रतिबिंबें पाण्यांत हालूं लागलीं तेव्हां आमचीं वाचाळ मुलें प्रथमच गप्प बसलीं. परततांना मीं त्यांना दत्तू भोकनळ यांची हकीकत सांगितली. नाशिक जिल्ह्यांतील चांदवड तालुक्याच्या दुष्काळी मुलखांत वाढलेला हा तरुण सैन्यांत गेल्यावर वल्हें मारण्यास शिकला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें एकेरी नौकानयनांत तेरावा आला, आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेंत चौघांच्या नावेंत सुवर्णपदकाचा भागीदार झाला. ज्याच्या गांवीं पाण्याची वानवा, त्यानें हें करावें. आणि आपण कृष्णाकांठीं राहून मुलांस गुडघ्याइतक्या पाण्यांतहि उतरूं देत नाहीं!

चैत्र-वैशाखांत काम थंडावतें. परीक्षा असतात, पाणी उतरतें. कोयनेंतून पाणी सुटण्यास विलंब झाला तर सांगलीपाशीं पात्रांतले दगड वर येतात. शिवाय कृष्णेंत मगरी आहेत. भिलवडी-औदुंबरापासून सांगलीपर्यंतच्या डोहांतून त्या राहतात, उन्हाळ्यांत कांठच्या वाळूंत अंडीं घालतात, आणि माणसांवर त्यांनीं हल्लेहि केले आहेत. त्या दिवसांत आमची नाव ठराविक टप्प्याबाहेर जात नाहीं. मगरीचा राग आम्हांस येत नाहीं. ती आमच्या आधींची रहिवासी आहे. मुलें कांठावर व्यायाम करितात आणि मी वर्गणीसाठीं दारोदार फिरतों. नदीची आरती मोठ्यानें म्हणणारा गृहस्थ नदीवरील मुलांसाठीं खिशांत हात घालतांना बराच विचार करतो, हा माझा अनुभव. परंतु अनपेक्षित घरांतून मिळालेला आधारहि विसरतां येत नाहीं.

येथवर जमाखर्च सरळ आहे. आतां एका खोडलेल्या ओळीविषयीं सांगावयाचें आहे.

२०१९ च्या जानेवारींत मंडळाची सभा झाली. मुलांनीं खर्चाच्या अंदाजांत बारा लाइफ-जाकिटें धरलीं होतीं. शर्यतीची नाव जुनी झाली होती, तिच्या फळ्या बदलावयाच्या होत्या, आणि शिल्लक तुटपुंजी. "आपलीं सारीं मुलें पोहतात. हीं जाकिटें कोणासाठीं?" असें विचारून मीं ती ओळ तांबड्या शाईनें खोडली. मामा म्हणाले, "मास्तर, नावेंत नेहमीं पोहणारेच बसतात असं नाही." मला तें भित्र्या म्हाताऱ्याचें बोलणें वाटलें. फळ्या बदलल्या, नाव देखणी झाली.

त्याच वर्षींच्या ऑगस्टांत, शर्यतीची तयारी चालू असतां, पाणी चढूं लागलें. सांगलीचा मनुष्य अशा वेळीं आयर्विन पुलाकडे पाहतो. १९२९ सालच्या या पुलापाशीं पाण्याची पातळी मोजतात. ४० फुटांवर इशारा, ४५ फुटांवर धोका. त्या वर्षीं पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. निम्म्या शहरांत रस्त्यांची नदी झाली. पुढें सैन्य व आपत्तिनिवारणाचीं पथकें आलीं. परंतु पहिल्या तासांत जें हातीं होतें तेंच उपयोगी पडलें, आणि ठिकठिकाणच्या बोट-क्लबांच्या मुलांनीं आपल्या नावा गल्ल्यांतून घातल्या. आमचीहि त्यांत होती.

मी एका उंच ओट्यावर उभा राहून नांवें लिहून घेत होतों. नावेंत बसत होते ते कोण? ज्यांनीं जन्मांत पाण्यांत पाय घातला नव्हता असे आजीआजोबा, बाळंतिणी, पोरेंबाळें. मामांनीं सुकाणू धरलें होतें आणि प्रत्येक खेपेस ते मोठ्यानें डोकीं मोजीत. एका माडीवरून एक गृहस्थ काकुळतीनें म्हणत होते, "अहो, आमचे दादा तेवढे राहिले. एकाच्या ओझ्यानं काय होतंय?" मामा म्हणाले, "नाव डोकी मोजते, नाती मोजत नाही. मी परत येतो." दादा माडीवर राहिले. पाऊण तासानें मामा परत गेले आणि त्यांना घेऊन आले. तो पाऊण तास त्या घरानें मामांना काय काय म्हटलें, तें लिहीत नाहीं. माझ्या मनांत मात्र एकच विचार घोळत होता: या लोकांच्या अंगावर आज बारा जाकिटें असतीं.

८ ऑगस्ट रोजीं पलूस तालुक्यांतील ब्रह्मनाळ येथें पूरग्रस्तांना घेऊन निघालेली नाव उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. ती वार्ता आली तेव्हां मुलें नाव बांधून भाकरी खात होतीं. कोणी कांहीं बोललें नाहीं, माझ्याकडे कोणी पाहिलेंहि नाहीं. तें न पाहणेंच मला अधिक बोचलें. आमच्या नावेवर कांहीं विपरीत घडलें नाहीं, हें मामांचें पुण्य. माझ्या वहीचें नव्हे.

पुढच्या सभेंत पहिला ठराव जाकिटांचा झाला, आणि तो मीं मांडला. त्या वर्षीं शर्यतीवर खर्च झाला नाहीं. तेव्हांपासून मंडळाचे तीन नियम आहेत: जाकिटावांचून कोणी बसावयाचें नाहीं, मग तो कितीहि पट्टीचा पोहणारा असो, नावेच्या अंगावर माणसांची संख्या ठळक रंगविलेली असावी, आणि सुकाणू धरणाऱ्याचा शब्द शेवटचा, समोर चिटणीस असो वा पुढारी. आषाढ लागला कीं मुलें दोर, विजेऱ्या आणि जाकिटें तपासून ठेवितात. २०२१ च्या जुलैंत पाणी पुन्हां पन्नास फुटांच्या वर चढलें तेव्हां त्यांना काय करावयाचें हें सांगावें लागलें नाहीं.

शर्यत अजूनहि होते. तिच्यासाठींच मुलें पहांटे उठतात, आणि उठावेंहि. निव्वळ कर्तव्यासाठीं सोळा वर्षांचा मुलगा पौषांतल्या थंडींत नदीवर येणार नाहीं. पण शर्यत हें त्यांचें आमिष आहे, फळ नव्हे. वर्षभर एका तालावर वल्हें मारणारे, कोणी शब्द दिला तर परत येणारे असे दहा-बारा जण गांवांत तयार असणें, हें फळ. तें जमेच्या बाजूस मांडावयास वहींत रकाना नाहीं.

आतां आमच्याकडे मुलीहि येतात. परवां एका मुलीची आई संमतिपत्र घेऊन आली, सही करण्यापूर्वीं तिनें विचारलें, "काका, धोका नाही ना?" पूर्वीं मीं सरसकट 'नाहीं' म्हटलें असतें. या वेळीं मीं वही उघडून तिला २०१९ चें पान दाखविलें. तांबड्या शाईची ती रेघ मीं तशीच ठेविली आहे. तिनें तें पान दोनदां वाचलें, मुलीच्या जाकिटाचे बंद स्वतः ओढून पाहिले आणि सही केली.