लिंबूच्या झाडावरच्या अळ्या

चिमूरला आमच्या सांदवाडीत लिंबूचे झाड आहे. त्याच्या कोवळ्या पानांवर अळ्या असतात. लहानपणी त्या पाखराच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पाखरे खात नाहीत. मग हिरव्या होतात. काडीने डिवचले तर डोक्यामागून नारिंगी शिंगे काढतात अन् घाण वास येतो.

माय म्हणाली, झाड खातात, फेकून दे. मी म्हणालो, पाच राहू दे. मामाच्या मोबाईलने मी रोज फोटो काढले. चार अळ्या बुलबुलाने नेल्या. एकीने कोष केला. दहाव्या दिवशी काळे-पिवळे फुलपाखरू निघाले. पंख वाळेपर्यंत ते उडत नाही, तेव्हाच फोटो चांगला येतो.

निलवंतच्या अळ्यापण लिंबूचीच पाने खातात. निलवंत २०१५ पासून महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू आहे. मी मायला सांगितले. माय म्हणते, मग लोणचे कशाचे घालू?

— इयत्ता ४ थी