बिली मेरेडिथ : उजवी बगल आणि चार पौंड

बिली मेरेडिथचा जन्म ३० जुलै १८७४ रोजी उत्तर वेल्समधल्या चर्क या कोळसाखाणींच्या गावाजवळ झाला. बाराव्या वर्षी तो खाणीत कामाला लागला. चर्क आणि नॉर्थविच व्हिक्टोरियाकडून खेळून १८९४ मध्ये तो मँचेस्टर सिटीत आला आणि काही महिन्यांतच व्यावसायिक झाला. दातांत काडी धरून उजव्या बगलेतून मुसंडी मारणारा हा फुटबॉलपटू पुढच्या दहा वर्षांत इंग्लंडभर ओळखला जाऊ लागला. व्यंगचित्रकारांनी ती काडी अजरामर केली. त्याचा झगडा मात्र तेवढ्या जिव्हाळ्याने कुणी जपला नाही.

२३ एप्रिल १९०४ रोजी सिटीने बोल्टन वाँडरर्सला हरवून एफए कप जिंकला. सामन्यातला एकमेव गोल कर्णधार मेरेडिथचा होता. वर्षभरातच तो घसरला. ॲस्टन व्हिलाचा कर्णधार ॲलेक लीक याला सामना सोडण्यासाठी १० पौंड देऊ केल्याच्या आरोपावरून त्याच्यावर बंदी आली. हा डाग पुसता येणार नाही. पण बंदीच्या काळात क्लबने हात वर केले, तेव्हा त्याने आतली गोष्ट उघड केली : आठवड्याला ४ पौंडांची वेतनमर्यादा सिटी सर्रास मोडत होती. चौकशीअंती १९०६ मध्ये १७ खेळाडूंवर १ जानेवारी १९०७ पर्यंत बंदी आली आणि संघ विस्कटला.

बंदी उठली त्याच दिवशी मेरेडिथ मँचेस्टर युनायटेडकडून मैदानात उतरला. त्याच वर्षी युनायटेडचा थॉमस ब्लॅकस्टॉक राखीव संघाच्या सामन्यात कोसळून मरण पावला आणि त्याच्या कुटुंबाला भरपाई मिळाली नाही. खाणमजुरांची एकजूट पाहिलेल्या मेरेडिथला हे सोसवले नाही. त्याच्या आणि युनायटेडमधला सहकारी चार्ली रॉबर्ट्सच्या पुढाकाराने २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इंपीरियल हॉटेलात खेळाडूंची संघटना उभी राहिली. १९०९ मध्ये एफएने, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने, खेळाडूंना संघटना सोडण्याचा हुकूम काढला. इतर क्लबांचे बहुतेक खेळाडू वाकले, पण एफए कप नुकताच जिंकलेले युनायटेडचे खेळाडू अडून बसले. मोसमाच्या तोंडावर एफएला संघटना मान्य करावी लागली. वेतनमर्यादा मात्र उठली नाही. ज्यांच्या खेळावर फाटकाशी गर्दी लोटत होती, त्यांच्यावरचा तो उघड अन्याय होता.

युनायटेडने १९०८ आणि १९११ मध्ये लीगचे विजेतेपद मिळवले. वेल्ससाठी मेरेडिथ ४८ सामने खेळला. त्यांपैकी शेवटच्या सामन्यात, १५ मार्च १९२० रोजी, वेल्सने लंडनमध्ये इंग्लंडला २–१ ने नमवले. तेव्हा तो ४५ वर्षांचा होता. पुढे सिटीत परतून १९२४ मध्ये, वयाच्या ४९व्या वर्षी, तो एफए कपची उपांत्य फेरी खेळला. तो त्याचा अखेरचा सामना.

१९ एप्रिल १९५८ रोजी मँचेस्टरमध्ये त्याचे निधन झाले. वेतनमर्यादा त्यानंतर तीन वर्षांनी, १९६१ मध्ये रद्द झाली. त्याच्या कबरीवर २००१ पर्यंत नावाचा दगडही नव्हता. तो बसवण्याच्या खर्चात खेळाडूंच्या त्याच संघटनेचाही वाटा होता.